फरशी डुगडुगते ती खालच्या काळ्या मातीमुळे

प्रश्न : पुण्याजवळ मांजरीला आमचं रो हाउस आहे. घराच्या पायरीपासून गेटपर्यंत २० फूट लांब आणि १२ फूट रुंद अंगण आहे, दोन्ही बाजूंना कंपाउंडची भिंत. तिथे एक छोटी कार उभी असते. तीन वर्षांपूर्वी शहाबादी फरशी बसवून घेतली होती. आता चाकांच्या पट्ट्यातल्या फरश्या खचल्यात, काही तडकल्यात, बाकीच्या पाय ठेवला की डुगडुगतात आणि पावसाचं पाणी पायरीपाशी साचतं. एक मिस्त्री म्हणतात, सगळं उखडा, चार इंच पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट) करा आणि वर पार्किंग टाइल लावा. मी आणि धाकटा भाऊ सुट्टीच्या दिवशी स्वतः काम करायला तयार आहोत. पेव्हर ब्लॉक घरच्या घरी नीट बसवता येतात का? खाली सिमेंट घालायचं की नुसती वाळू? कोपऱ्यातला चाफा मात्र काढायचा नाही.
– एक वाचक, मांजरी

उत्तर : येतात, नक्की येतात. ब्लॉक मांडणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. पण आधी एक गोष्ट लक्षात घ्या. तुमच्या शहाबादीचा यात दोष नाही, तिच्याखालची जमीन हलली. मांजरी-हडपसरकडची बरीच घरं पूर्वीच्या शेतजमिनीवर उभी आहेत आणि तिथे वरचा थर काळ्या मातीचा असतो. ही माती पावसाळ्यात पाणी धरून फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. कडेला पाणी जास्त मुरतं, म्हणून तिथे ती जास्त फुगते. मधल्या झाकलेल्या भागात कमी. त्यामुळे फरशीला सगळीकडून सारखा टेकू कधीच मिळत नाही. अशा पोकळीवर गाडीचं चाक आलं की एक-सव्वा इंची शहाबादी मोडणारच. वरचा दगड बदलून हे थांबणार नाही. पैसा आणि मेहनत जमिनीखालच्या त्या एका फुटात जायला हवी.

मिस्त्रींनी सुचवलेलं पीसीसी चांगल्या मुरुमावर उत्तम टिकतं. काळ्या मातीवर मात्र चार इंची बिनसळईचं काँक्रीट दोन-तीन पावसाळ्यांत तडकतं आणि ती तड वरच्या टाइलमधून जशीच्या तशी उमटते. उद्या पाण्याची लाइन फुटली तर ब्रेकर लावून सगळं फोडावं लागतं. पेव्हर ब्लॉकचा थर जमिनीबरोबर थोडा हलतो, पण तडकत नाही, आणि खचला तर तेवढेच ब्लॉक उचलून पुन्हा बसवता येतात. तुमच्या जागेला ब्लॉकच योग्य.

पुढच्या सुट्टीला फक्त एवढंच करा. पायरीपाशी एक आणि गेटपाशी एक असे दोन-दोन फूट खोल खड्डे घ्या. काळी माती किती खोल आहे आणि त्याखाली तांबूस मुरूम लागतो का ते बघा. मग खड्डे पाण्याने भरून रात्रभर ठेवा. सकाळी पाणी तसंच असेल तर खालून निचरा नाही असं समजायचं, आणि तुमच्याकडे बहुधा तेच दिसेल. खोदण्याआधी पाण्याची लाइन, ड्रेनेजची लाइन आणि मीटरकडून येणारी केबल कुठून जाते ते बिल्डरच्या नकाशावरून किंवा चेंबरची झाकणं उघडून नक्की करा. त्या पट्ट्यात पहार आणि टिकाव नको, फावड्याने हलकेच माती काढा.

आता उतार. पायरीपाशी पाणी साचतं याचा अर्थ अंगणाचा उतार घराकडे झाला आहे. नवीन उतार घरापासून गेटकडे, ६० ला १ या प्रमाणात ठेवा. २० फुटांना तो चार इंच भरतो. डोळ्याला जाणवत नाही आणि पाणीही थांबत नाही. घराकडच्या टोकाला ब्लॉकचा वरचा माथा जोत्याच्या माथ्यापासून निदान सहा इंच खाली राहिला पाहिजे, नाहीतर भिंतीला ओल धरेल. या दोन मापांवरून बाकीची सगळी मापं निघतात, म्हणून ती आधी भिंतीवर खडूने मारून घ्या. त्यासाठी लेव्हल पाइपसारखं दुसरं साधन नाही. पारदर्शक पाइपमध्ये पाणी भरा, बुडबुडा एकही राहू देऊ नका, एक टोक पायरीपाशी आणि दुसरं गेटपाशी धरा. दोन्हीकडे पाण्याच्या पातळीची खूण करा आणि गेटच्या खुणेपासून चार इंच खाली मोजा. कोपरे काटकोनात आहेत का ते ६-८-१० ने तपासा : एका बाजूवर सहा फूट, दुसरीवर आठ फूट, त्या दोन खुणांमधलं अंतर बरोबर दहा फूट.

गेटपाशी येणारं पाणी पुढे कुठे जाणार हेही आत्ताच ठरवा. गेटच्या आत १२ फूट रुंदीभर जाळीची नाली करा आणि तिचं पाणी पावसाळी गटारात किंवा शोषखड्ड्यात सोडा. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडण्याचा मोह टाळा. जोराच्या पावसात तीच लाइन तुंबून पाणी बाथरूममधून घरात येतं.

खोदाई साधारण १४ इंच लागेल. खालून वर मोजत गेलं तर सहा इंच दाबलेला मुरूम, चार इंच दाबलेली खडी, सव्वा इंच वाळू आणि ६० मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ अडीच इंचांचा ब्लॉक. काळी माती दोन फुटांपेक्षा खोल निघाली तर मुरूम नऊ इंच करा आणि तेवढं जास्त खोदा. अंगणाची २४० चौरस फूट जागा १४ इंच खोदली की २८० घनफूट माती निघते. ती सुटल्यावर फुगून सुमारे साडेतीन ब्रास होते (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). हे काम दोघांनी अंगावर घेऊ नये. खोदायला आणि माती उचलायला दोन मजूर लावा, तुमची ताकद पुढच्या कामासाठी राखा. राडारोडा नेणाऱ्याला तो कुठे टाकणार ते आधी विचारा, नदीपात्रात आपल्या घरची माती जाता कामा नये. कंपाउंडलगत खोदताना भिंतीचा पाया कुठपर्यंत आहे ते आधी एका जागी उघडून बघा आणि त्याच्याखाली अजिबात जाऊ नका. तिथे चार-पाच फुटांचा एकेक तुकडा खोदायचा, भरायचा, मगच पुढचा.

खड्ड्याच्या तळालाही गेटकडे तोच उतार द्या. हे बहुतेकांकडून राहून जातं आणि काळ्या मातीत सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. ब्लॉकच्या फटींतून थोडं पाणी खाली जातंच. तळ सपाट असेल तर मातीच्या त्या खड्ड्याचा हौद होतो, मुरूम आणि वाळू महिनाभर पाण्यात राहतात आणि चाकाखाली चिखल वर येऊ लागतो. म्हणून तळाच्या खालच्या टोकाला, गेटलगत, चार इंची सच्छिद्र पीव्हीसी पाइप आडवा टाका, त्याच्याभोवती २० मिलिमीटर खडी भरा आणि पाइप शोषखड्ड्याला जोडा. नाली उथळ असते, तिला जोडायला गेलात तर पाइप उलट्या उताराने जाईल. तुमच्याकडे निचरा कमी आहे, तेव्हा शोषखड्डा जरा ऐसपैस करा, त्याचा तळ या पाइपच्या बराच खाली ठेवा आणि वरून पावसाळी गटाराकडे एक ओव्हरफ्लो काढा.

तळाला भेगा पडल्या असतील तर त्यावर थेट मुरूम टाकू नका. दोन दिवस हलकं पाणी मारा, भेगा मिटू द्या, आणि माती ओलसर पण चिखल नसलेली असताना धुम्मस करून घ्या. मग विणकाम नसलेलं जिओ-टेक्स्टाइल कापड, साधारण २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचं), कडा भिंतीलगत वर घेऊन अंथरा. जोडाला एक फूट चढवा. सगळं मिळून ३०० चौरस फुटांच्या वर लागेल. हे कापड काळी माती वरच्या मुरुमात मिसळू देत नाही. त्याऐवजी प्लास्टिक टाकू नका, ते पाणी अडवतं.

सहा इंच दाबून हवा तर १२० घनफूट मुरूम झाला, पण दाबल्यावर तो बसतो, म्हणून दीड ब्रास मागवा. गाडी आली की हौद्यात टेप लावा : लांबी, रुंदी आणि मालाची सरासरी उंची फुटांत मोजून गुणा, शंभराने भागा, तेवढे ब्रास. मुरूम हातात घेऊन, ओला करून दाबा. तळहाताला चिकट लाल थर राहिला तर त्यात माती जास्त आहे, तो परत पाठवा. खडीचा थर ८० घनफूट, त्यासाठी एक ब्रास माल : निम्मी २० मिलिमीटर खडी, पाव हिस्सा १० मिलिमीटर आणि पाव हिस्सा क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू. नुसती एकाच मापाची खडी घेतली तर मोकळ्या जागा राहतात आणि वरची वाळू हळूहळू त्यात गळून जाते. ब्लॉक आठ-नऊ महिन्यांनी खचायला लागले की समजावं, खाली बहुधा हेच झालंय.

मुरूम आणि खडी, दोन्ही तीन-चार इंचांच्या थरांत टाका, प्रत्येक थर थोडा ओला करून दाबा. ओल किती हवी ते असं बघायचं : मुठीत दाबलेल्या मुरुमाचा गोळा व्हावा, अंगठ्याने दाबल्यावर त्याचे दोन तुकडे व्हावेत, पाणी सुटू नये. पायवाटेला हातधुम्मस चालली असती, गाडीच्या जागेला नाही. प्लेट व्हायब्रेटर, म्हणजे थरथरत्या सपाट प्लेटने दाबणारं यंत्र, दिवसाच्या भाड्याने मिळतो, ८० ते १०० किलोचा घ्या. एक दिवस मुरूम-खडीसाठी आणि एक दिवस शेवटी ब्लॉकसाठी, असा दोनदा आणावा लागेल. प्रत्येक थरावरून चार-पाच फेऱ्या मारा, आडव्या आणि उभ्या. खडीचा वरचा थर झाला की दोरी लावून तपासा. दहा फुटांत एक सेंटिमीटरपेक्षा जास्त खड्डा दिसला तर तो आत्ता, खडीनेच भरा. तो वाळूने भरून काढायचा नाही. जिथे वाळू जास्त तिथे ब्लॉक जास्त बसतो आणि खालचा खड्डा पहिल्याच पावसात वर दिसतो.

कडा ही या कामाची दुसरी बाजू. ब्लॉक एकमेकांना दाबून धरतात म्हणून टिकतात. एक बाजू मोकळी राहिली की सांधे उघडतात आणि वाळू वाहून जाते. तुमच्या तीन बाजूंना जोतं आणि कंपाउंड आहे, चौथी गेटची. तिथे नालीच्या आतल्या अंगाला सहा इंच रुंद आणि नऊ इंच खोल काँक्रीटची पट्टी ओता. १२ फुटांना साडेचार घनफूट काँक्रीट लागतं, म्हणजे १:२:४ प्रमाणात एक गोणी सिमेंट, अडीच घनफूट वाळू आणि पाच घनफूट खडी यांत ते होतं आणि थोडं उरतं. गाडी त्याच्यावरूनच जाणार, तेव्हा ८ मिलिमीटरच्या दोन सळया टाका. सात दिवस गोणपाट भिजवून ठेवा, त्याआधी शेजारी व्हायब्रेटर चालवू नका.

तुमचा सिमेंटचा प्रश्न इथे येतो. वाळूत सिमेंट मिसळू नका. पुष्कळ कारागीर पाचास एक असा कोरडा माल पसरून त्यावर ब्लॉक ठेवतात, कारण बसवताना तो पक्का वाटतो. ओल लागली की त्याचा इंच-सव्वा इंचाचा ठिसूळ पापुद्रा होतो, गाडीखाली त्याचे तुकडे पडतात आणि निचराही बंद होतो. नुसती धुतलेली, भरड क्रश सँड घ्या. दगडाची भुकटी, म्हणजे डस्ट, स्वस्त मिळते पण पाणी धरून ठेवते. प्लास्टरची बारीक वाळूही खालच्या थराला चालत नाही. अंथरायला आणि सांधे भरायला मिळून ४० घनफूट पुरेल, सांध्यांसाठीची मात्र वेगळी, बारीक आणि चाळलेली असावी.

वाळू एकसारखी पसरायला एक इंची जीआय पाइपचे दोन लांब तुकडे वापरा. अशा पाइपची बाहेरची जाडी सुमारे ३४ मिलिमीटर असते, म्हणजे आपल्याला हवा तो सव्वा-दीड इंचांमधला थर. पाइप सहा-सात फुटांवर समांतर ठेवा, मध्ये वाळू टाका आणि अ‍ॅल्युमिनियमची पट्टी दोन्ही पाइपांवर टेकवून पुढेमागे सरकवत ओढा. मग पाइप हलकेच काढून त्यांच्या खाचा वाळूने भरा. या वाळूवर पुन्हा पाय द्यायचा नाही. त्या दिवशी जेवढे ब्लॉक बसतील तेवढीच वाळू पसरा.

ब्लॉक ६० मिलिमीटर जाडीचे, एम-३५ ग्रेडचे घ्या. तुमच्या कारला एवढे पुरतात. रोज टेम्पो येणार असेल तर ८० मिलिमीटर. विक्रेत्याकडे टेस्ट रिपोर्ट मागा आणि ब्लॉक किती दिवसांचे आहेत ते विचारा, २८ दिवस झालेले हवेत. एक फोडून बघा : आत सगळीकडे सारखा गच्च दिसला पाहिजे, मधे भुसभुशीत नको. २०० × १०० मिलिमीटरचे आयताकृती ब्लॉक चौरस मीटरला ५० लागतात, तुमचं अंगण २२.३ चौरस मीटर, म्हणजे १,११५. कापण्यात आणि फुटण्यात जाणारे धरून १,१८० मागवा. वजन सव्वातीन टनांच्या आसपास होईल, तेव्हा ते गेटबाहेर उतरवून घेण्यापेक्षा शक्य तितके जवळ रचून घ्या.

मांडणी हेरिंगबोनची करा, म्हणजे एक ब्लॉक आडवा, त्याला काटकोनात दुसरा उभा. विटांसारख्या सरळ ओळी दिसायला छान आणि सोप्या, पण गाडी चाक वळवते तेव्हा अख्खी ओळ सरकते. हेरिंगबोनमध्ये प्रत्येक ब्लॉक दोन दिशांनी अडकलेला असतो. गेटच्या काँक्रीट पट्टीपासून सुरुवात करा आणि लावलेल्या ब्लॉकवर बसून घराकडे सरका. ब्लॉक शेजारच्याला घासून सरळ खाली सोडायचा, वाळूवरून ढकलायचा नाही. मधे दोन-तीन मिलिमीटर फट राहू द्या. एकमेकांना टेकलेले ब्लॉक व्हायब्रेटरखाली कडांना फुटतात. दर चार फुटांवर दोरी लावून ओळ तपासा, वाकडी वाटली तर लगेच सरळ करा. दहा फूट पुढे गेल्यावर ती दुरुस्त होत नाही. तीन वेगवेगळ्या थप्प्यांमधून ब्लॉक उचला, म्हणजे रंगातला फरक एका जागी दिसणार नाही. सवय नसलेल्या दोघांचे दिवसाला ५०-६० चौरस फूट होतात, त्याहून घाई करू नका.

कडेचे तुकडे शेवटी, सगळे खुणा करून एकाच दिवशी कापा. ग्राइंडरला डायमंड ब्लेड, डोळ्यांना गॉगल, नाकाला चांगला एन-९५ मास्क. काँक्रीटची ती पांढरी धूळ फुप्फुसाला खरोखर घातक आहे, रुमाल बांधून भागत नाही. ब्लॉक आधी भिजवून ठेवला की धूळ कमी उडते, मात्र ग्राइंडर ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असलेल्या बोर्डवरच लावा. एक तृतीयांशापेक्षा लहान तुकडा कडेला बसवू नका, तो निघून येतो. तिथे शेजारचा ब्लॉक बदलून दोन मध्यम तुकडे करा.

व्हायब्रेटर फिरवण्याआधी ब्लॉकचा माथा गेटच्या पट्टीपेक्षा आणि चेंबरच्या चौकटीपेक्षा आठ-दहा मिलिमीटर वर असायला हवा. दाबल्यावर तो पाच-सहा मिलिमीटर खाली जातो आणि थोडा वरच राहिला की पाणी नालीत नीट पडतं. प्लेटखाली रबरी मॅट बांधा. पहिली फेरी कोरडी, सांध्यांत काही न भरता. मग बारीक वाळू झाडूने सांध्यांत ढकला आणि पुन्हा फेरी. सांधे भरेपर्यंत हे करत राहा. ही वाळू पूर्ण कोरडी हवी, ताडपत्रीवर दोन दिवस उन्हात वाळवा. दमट वाळू फटीच्या तोंडाशीच अडकते आणि खालचा भाग पोकळ राहतो. म्हणूनच हे काम मेअखेरीपर्यंत संपवा. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की उघडा खड्डा आणि काळी माती सांभाळणं कठीण जातं. शेवटच्या फेरीनंतर त्याच दिवशी गाडी आत घ्यायला हरकत नाही, इथे पाणी मारत थांबण्याचं कारण नाही.

चाफ्याच्या बुंध्याभोवती तीन बाय तीन फूट जागा मोकळी सोडा, कडेला कर्ब स्टोन काँक्रीटमध्ये बसवा. दोन इंचांपेक्षा जाड मूळ कापू नका. तेवढ्या भागात खोदाई उथळ ठेवून मुरूम कमी केला तरी चालेल, चाक तिकडे जात नाही. खोडापाशी मातीचा ढीगही करू नका.

जुन्या शहाबादीतल्या धड फरश्या टाकून देऊ नका. घराच्या मागच्या बाजूला पायवाट किंवा धुणं वाळवण्याची जागा त्यात छान होईल. चालण्यापुरता चार इंच मुरूम आणि त्यावर दोन इंच वाळू बास. ही फरशी चुनखडीच्या जातीची असते, डाग काढायला तिच्यावर अ‍ॅसिड ओतलं तर पृष्ठभाग खरबडतो आणि पांढरा पडतो. शेवाळाला ब्रश आणि साधं डिटर्जंट वापरा.

पहिल्या पावसाळ्यात सांध्यांची वाळू थोडी खाली बसेल. ऑक्टोबरमध्ये कोरडी वाळू पुन्हा झाडून भरा, त्यानंतर वर्षातून एकदा पुरे. प्रेशर वॉशरचा झोत सांध्यांवर मारू नका. फटींतलं गवत खालून येत नाही, वर साचलेल्या धुळीत बी पडून उगवतं, तेव्हा आठवड्याला खराटा फिरवला तरी ते आटोक्यात राहतं. एखादा ब्लॉक खचलाच तर जाड, चपट्या टोकाच्या दोन स्क्रूड्रायव्हरनी दोन्ही बाजूंनी उचला, खाली मूठभर क्रश सँड टाकून दाबा आणि तोच ब्लॉक परत ठेवा. मात्र एकाच जागी ब्लॉक वर्षात दोनदा खचला तर वाळू टाकत बसू नका. आठ-दहा ब्लॉक काढून खडीपर्यंत उघडून बघा, बहुतेक वेळा तिथे गळका पाण्याचा पाइप सापडतो.